धुक्यातला तेलाचा माग

"मग दोष कुणाचा? एवढं तरी सांगा, अक्का!"

अक्का पायरीवर बसून गाडीखाली बघत होत्या.

गाडीच्या पोटाला एक काळा थेंब लोंबत होता. बराच वेळ लोंबला, लांबला आणि सारवलेल्या अंगणात पडला. त्याच्या जागी दुसरा आला.

"पडला," अक्का म्हणाल्या.

"तेच तर मघापासून सांगतोय मी!" राजाध्यक्ष म्हणाले.

दसऱ्याची सकाळ होती. पठारावर धुकं इतकं दाट उतरलं होतं की मठाचा कळस दिसत नव्हता. अंगणातलं तुळशीवृंदावन तेवढं दिसत होतं, त्यापलीकडे जग नव्हतंच. कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ती जवळ की लांब, ते कळत नव्हतं.

आमच्या मठात अक्का वर्षातून एकदाच नाव देतात. दसऱ्याला, एकाच माणसाला, कानात, अनुग्रह म्हणून. तेही धुकं उठायच्या आत. अंगणात ऊन उतरलं की संपलं, मग पुढच्या दसऱ्याला या. असं का, ते मी कधी विचारलं नाही. अक्कांच्या गुरूंनी तसं केलं, त्यांच्या गुरूंनीही तसंच केलं असणार.

यंदा ते नाव राजाध्यक्षांना मिळायचं होतं.

राजाध्यक्ष म्हणजे शहरातले निवृत्त प्राचार्य. उपनिषदांवर व्याख्यानं देतात, आणि चांगली देतात, मी ऐकली आहेत. फक्त समोर श्रोता एकटा असला तरी ते सभेशी बोलल्यासारखे बोलतात. कितीतरी वर्षं ते नाव मागत होते आणि अक्का "पुढल्या साली बगू" म्हणत होत्या. यंदा अक्कांनीच निरोप धाडला : ये.

ते आले होते पांढरंशुभ्र धोतर नेसून, कोरं उपरणं घेऊन. आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन.

"ह्या तेलाचं काम काय आसतं?" अक्कांनी विचारलं.

"इंजिनासाठी असतं ते. आतले भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून."

"आन् ते सरलं तर?"

"तर इंजिन जाम होतं. गाडी भंगारात."

"आरं आरं..." अक्कांना खरंच वाईट वाटलं.

"परवा नाही, काल सर्व्हिसिंग करून घेतलंय! जुनं तेल काढून नवं भरलं, डिझेलच्या गाडीत तेही लगेच काळं पडतं. आणि खालचा नट, ज्यातून जुनं तेल काढतात तो, त्या मिस्त्रीने नीट आवळलाच नाही. सोपान म्हणून आहे एक. घाट चढताना तेलाचा लाल दिवा लागला, तेव्हा मला समजलं. देवच पावला म्हणायचा."

"का आवळला न्हाई त्यानं?"

राजाध्यक्ष हसले. ते हसू मला आवडलं नाही.

"कारण ऐकाल तर थक्क व्हाल. काल खंडेनवमी ना? गॅरेजात दुपारीच हत्यारांची पूजा मांडली होती. सगळे पाने, पक्कड, हातोडे पाटावर. हळदकुंकू, झेंडूची फुलं. गाडीचं काम तेवढं अर्धं राहिलं होतं. मी संध्याकाळी गेलो तर हा म्हणतो, साहेब, आता हत्याराला हात लावता येत नाही, नट हाताने बसवलाय. आजची रात्र गाडी राहू द्या, सकाळी पूजा उतरली की पाना लावतो, मग न्या."

"मग?"

"मग काय? मला पहाटे निघायचं होतं. इथे धुकं उठायच्या आत पोचायचं होतं. मी किल्ली घेतली आणि निघालो."

"हं," अक्का म्हणाल्या.

पुन्हा एक थेंब पडला.

आमच्याकडेही कालपासून तोच प्रकार होता. विळी, कोयता, पंपाचा पाना, सगळं पाटावर झेंडूखाली. मी मठाचा स्वयंपाकी. काल भेंडी हाताने मोडून केली होती, ती सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. हे मी उगाच सांगत नाही. राजाध्यक्षांनी मला पाना मागितला, तेव्हा मी त्यांना पाटाकडे बोट दाखवलं. ते आत गेले, बघून परत आले.

"राहू द्या," म्हणाले. "मठातली पूजा मोडायला नको."

आपला तो बाब्या... पण मी जीभ चावली.

"अक्का, आसन मांडलंय आत," ते म्हणाले. "गाडीचं नंतर बघू. चलायचं?"

अक्का उठल्या. मला वाटलं, आत जाणार. त्या पायरी उतरल्या, गाडीला वळसा घातला आणि फाटकाकडे चालू लागल्या.

"अक्का?"

फाटकाबाहेर डांबरी रस्ता आहे, पठाराच्या कडेकडेने खाली उतरणारा. त्यावर मधोमध काळे थेंब पडले होते. एक, थोडं अंतर, मग दुसरा. धुक्यात शिरून ते दिसेनासे होत होते.

"कुटवर गेलंत ह्ये?" अक्कांनी विचारलं.

"खालपर्यंत असणार. पार घाटापर्यंत," राजाध्यक्ष म्हणाले.

"चल, बगू."

"आत्ता?"

अक्का चालू लागल्याही होत्या. त्यांची काठी माझ्याकडे होती, म्हणून मी मागोमाग निघालो. राजाध्यक्ष थोडा वेळ फाटकात थांबले, आत आसन होतं तिकडे बघितलं, आणि मग तेही आले. न येऊन सांगतात कुणाला?

धुक्यात चाललं की आपले पाय आपले वाटत नाहीत. चार पावलांपुढे काही दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं होती. फक्त अगदी हाताशी आलेली दिसायची, आणि मागे टाकली की पुसली जायची. मागे वळून पाहिलं तर मठ नव्हता. आम्ही तिघे आणि ती थेंबांची ओळ, एवढंच उरलं होतं.

डांबर दवाने ओलं होतं. प्रत्येक थेंबाभोवती एक निळंजांभळं कडं उमटलं होतं. अक्का एकाही थेंबावर पाय पडू देत नव्हत्या. दारातली रांगोळी ओलांडावी तशा ओलांडत होत्या.

"रंग बग, रंग," त्या म्हणाल्या. "मोराच्या पिसावानी."

"तेल आहे ते, अक्का. वाया गेलेलं तेल."

"व्हय का..."

थोडं चाललो.

"मला त्या माणसाचा राग नाही," राजाध्यक्ष म्हणाले. त्यांना न बोलता चालवत नाही. "राग कृतीचा आहे. कर्म अर्धवट टाकायचं आणि वर देवाचं नाव पुढे करायचं. हे जे आहे ना आपल्याकडे, त्यानेच आपण मागे राहिलो. पूजा श्रेष्ठ की काम? मी परवाच एका व्याख्यानात..."

"हळू," अक्का म्हणाल्या. "थेंब हाय पायाशी."

राजाध्यक्षांनी पाय उचलला, बाजूला टाकला.

मला गंमत वाटत होती आणि भीतीही. कारण डोक्यावरचं धुकं आता राखी राहिलं नव्हतं, दुधासारखं पांढरं झालं होतं. म्हणजे वर सूर्य आला होता. राजाध्यक्षही मान वर करून करून बघत होते. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस, त्याचा जीव टांगणीला लागणारच. ते मी समजू शकत होतो.

"अक्का, धुकं उठेल. आपण परत..."

"थेंब संपंनात बग."

आणखी चाललो. कुठूनतरी धूर आला, शेणीचा. कुणीतरी कुणालातरी हाक मारली, ती विरून गेली. मला क्षणभर वाटलं, आम्ही चालत नाही आहोत, रस्ताच हळूहळू मागे सरकतो आहे आणि आम्ही झोपेत आहोत.

मग अक्का थांबल्या.

रस्ता तिथे वळतो. वळणाच्या पोटात थोडी मोकळी जागा आहे, मैलाच्या दगडापाशी. तिथे थेंब नव्हता. तिथे थारोळं होतं. चांगलं परातीएवढं, काळंभोर, आणि त्यावर ते सगळे रंग हळूहळू फिरत होते.

"हितं लई सांडलंय," अक्का म्हणाल्या.

"हो. इथे थांबलो होतो मी."

"लई वेळ?"

"फोन करत होतो. वर मठात रेंज येत नाही, हे माहीत आहे ना मला. ह्या वळणावर येते तेवढी. लाल दिवा लागल्यावर इथे थांबलो, उतरलो, खाली वाकून पाहिलं, आणि लगेच धुमाळ शेठना फोन लावला. गॅरेज त्यांचं आहे."

"काय म्हनलास त्यास्नी?"

राजाध्यक्षांनी उपरणं नीट केलं.

"म्हटलं, त्या सोपानला आजपासून कामावर ठेवू नका. ठेवलात, तर माझी आणि माझ्या ओळखीतल्या कुणाचीही गाडी तुमच्या दारात येणार नाही. चांगलं खडसावलं. शेठ म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. लगेच त्याला घरी बसवतो."

त्यांचा आवाज त्या आठवणीने जरा चढला होता.

दसऱ्याच्या दिवशी एखाद्याची रोजीरोटी जावी, आणि ती घालवणारा धुतलेलं उपरणं घेऊन नाव मागायला यावा...

अक्का थारोळ्यापाशी उकिडव्या बसल्या.

"वाकून बगितलंस म्हनालास."

"हो."

"मग?"

"मग काय. नटाला बोट लावून पाहिलं. फिरत होता."

"बोटानं?"

"बोटाने! इतका ढिला होता, विचार करा."

"मग बोटानंच आवळायचास की. जरा तरी ऱ्हायलं आसतं."

राजाध्यक्षांनी आपल्या स्वच्छ तळव्याकडे पाहिलं.

"अक्का... आंघोळ करून निघालो होतो मी. तुमच्यापुढे बसायचं होतं. ते काळं तेल एकदा हाताला लागलं की..."

कुठेतरी ती घंटा वाजली. आता ती जवळ वाटली.

अक्का त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. थारोळ्यातले रंग बघत होत्या. तोंडावर ना राग, ना हसू. मी इतकी वर्षं त्यांच्यापाशी आहे, मला अजून त्या चेहऱ्याचा ठाव लागत नाही.

तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. आधी आवाज, मग धुक्यात पिवळा गोळा, मग त्यामागे माणूस. तो अगदी हळू येत होता. मान खाली घालून रस्त्यावर काहीतरी शोधत येत होता. आम्हाला बघून थांबला, घाईघाईने उतरला.

"सायेब!"

"सोपान?" राजाध्यक्ष म्हणाले. "तू इथे कसा?"

"थेंब बगत आलो, सायेब." त्याची छाती धपापत होती. "गाडी कुटाय? बंद केली न्हवं? इंजान धरलं न्हाई न्हवं?"

"बंद आहे. मठात उभी आहे."

सोपानने एकदम श्वास सोडला आणि मोटारसायकलच्या सीटवर हात टेकला. पन्नाशीचा माणूस. सणाचा नवा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशातून पाना डोकावत होता. पान्यावर हळदकुंकवाची बोटं तशीच होती. झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती.

"पूजा उतरवली का रं?" अक्कांनी विचारलं.

सोपान खाली बघायला लागला.

"न्हाई, अक्का. उतरवायच्या आदीच उचलला. काल उचलला आसता तर... माजं चुकलं. सायबास्नी किल्ली द्यायलाच नगं हुती. न्हाईतर मग तवाच पाना लावायचा हुता. दोन्ही केलं न्हाई. रातभर डोळा लागला न्हाई बगा. पहाटं फोन लावला सायबास्नी."

"तुझा नंबर दिसला, म्हणून मी उचलला नाही," राजाध्यक्ष म्हणाले. पण ते हळू म्हणाले.

"शेटचा फोन आला निघताना. म्हनले, आता येऊ नगंस. कायमचा. म्हनलं बरं, येत न्हाई, पर गाडी तर वाटंत आसंल..." त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "घरी काय बोललो न्हाई आजून. सनाचा दिस हाय. पोळ्या लाटत्यात बाया."

राजाध्यक्ष वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचा चेहरा मवाळ झाला. ते पुढे झाले आणि सोपानच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण सदऱ्यावर ग्रीसचा डाग होता. हात मधेच थबकला, मग तो त्यांनी आशीर्वादासारखा वर धरला.

"झालं ते झालं, सोपान. मी तुला माफ केलं. मनात काही ठेवलं नाही. जा वर, नट आवळून टाक."

"उपकार झालं, सायेब." सोपान घुटमळला. "आन्... शेटला?"

"सांगतो ना. खाली उतरलो की दुपारी बोलतो त्यांच्याशी. आधी अनुग्रह होऊ दे."

"दुपारी नवा मानूस लावनार हाय शेट. मुहूर्ताचा दिस म्हनून."

"अरे, सांगतो म्हटलं ना!"

धुकं हललं. खरंच हललं, कुणीतरी दुलई ओढावी तसं. वळणापलीकडची दरी क्षणभर दिसली, हिरवी, खोल, आणि पुन्हा झाकली गेली. वरच्या अंगाला मठाचा कळस आला, नुसताच, खाली काही नाही.

राजाध्यक्षांचा धीर सुटला.

"अक्का, उठा. हात जोडतो. अजून वेळ आहे, झपझप गेलो तर गाठू. किती वर्षं थांबलोय मी, तुम्हाला माहीत आहे. पुढच्या दसऱ्याला मी असेन, तुम्ही असाल, सांगता येतं का?"

हे ते रडवेले होऊन म्हणाले. व्याख्यान नव्हतं ते.

अक्कांनी वर पाहिलं. हात पुढे केला. उठायला आधार हवाय असं समजून राजाध्यक्षांनी घाईने आपला हात दिला.

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी तो हात धरला, हळूच खाली ओढला, आणि तळवा पालथा करून त्या थारोळ्यावर टेकवला.

पुरता टेकवला. वरून आपलाही हात ठेवला.

"अक्का!..."

राजाध्यक्ष गुडघ्यावर आले होते. धोतर ओल्या रस्त्याला लागलं. हात ओढून घ्यायला त्यांनी एकदा जोर केला. मग केला नाही.

मी अक्कांची काठी धरून उभा होतो. सोपानने टोपी काढली, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

राजाध्यक्षांच्या बोटांच्या मधून तेल वर येत होतं. त्याचे रंग त्यांच्या आणि अक्कांच्या मनगटापाशी फिरत होते. राजाध्यक्ष तिकडेच बघत राहिले. कितीतरी वेळाने त्यांनी मान वळवली आणि सोपानच्या हातांकडे पाहिलं. सोपानने हात लपवले.

अक्कांनी आपला हात उचलला.

राजाध्यक्ष उठले. काळा हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. तो कुठे पुसावा, ते त्यांना सुचत नव्हतं. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशावरून फोन चाचपला. बाहेर काढला नाही.

वर बघितलं. कळसाखाली आता भिंतही दिसू लागली होती. अंगणाचं फाटक. ऊन कळसाच्या टोकाला लागलं होतं आणि खाली उतरत होतं.

"मी..." ते म्हणाले. "मी शेठना काय सांगू? किल्ली मीच घेतली, असं? नट मलाही आवळता आला असता, असं? त्या माणसाला मी..."

अक्का उठत होत्या. मी काठी दिली.

"सांगतो, अक्का. खरंच सांगतो. आधी वर जाऊ, नाव घेतो, आणि मग लगेच..."

अक्कांनी काठी टेकली. वर मठाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"पुढं रेंज न्हाई, बाबा."